ब्राउनीच्या ट्रेला कागद कसा लावायचा?



या महिन्याच्या पाठाचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, "अगं, कागद अंथरायला काय शिकायचं? पीठ कसं कालवायचं ते सांग की!" पण केक-ब्राउनी करणाऱ्या गटांमध्ये बसलं की एक तक्रार हमखास निघते. चव चांगली येते, भाजणंही जमतं, पण माल भांड्यातून बाहेर काढताना मोडतो. कोपरे भांड्यालाच चिकटून राहतात, मधला भाग तुटतो आणि झालेला चुरा घरच्या पोरांच्या वाट्याला जातो. पोरं खूश होतात, पण गटाच्या वहीत तोटा लिहावा लागतो.

म्हणून आज ब्राउनीची कृती देत नाही. तुमच्या गटाला जी कृती बसली आहे तीच ठेवा. आज फक्त कागद शिकायचा. तो कोणता घ्यायचा, किती कापायचा, कसा बसवायचा आणि त्याच्या आधाराने अख्खी ब्राउनी एका वेळी कशी उचलायची, एवढंच.

वडीला तूप पुरतं, ब्राउनीला का पुरत नाही?

खोबऱ्याची वडी थापताना आपण ताटाला तुपाचा हात लावतो आणि वडी अलगद सुटते. मग ब्राउनीच्या भांड्याला तूप लावलं तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. फरक असा आहे की वडीचं मिश्रण आपण कढईत आधीच आटवून घेतलेलं असतं. ताटात ती फक्त गार होते, ताट काही विस्तवावर नसतं. ब्राउनीचं मिश्रण मात्र त्याच भांड्यात १७०-१८० अंशांवर साधारण अर्धा तास भाजलं जातं. त्यात साखर भरपूर आणि मैदा कमी असतो. भांड्याच्या कडेला आणि कोपऱ्यांत ही साखर वितळते, तिचा पाक होतो आणि तो गरम धातूला धरून बसतो. चिक्की करणाऱ्या तायांना हे वेगळं सांगायला नको. पाकाची कढई तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी काय हाल होतात ते तुम्हाला माहीतच आहे.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. साधा केक भांडं उलटं करून काढता येतो. ब्राउनी तशी काढता येत नाही. तिच्या वर जो पातळ, चकचकीत, भेगाळलेला पापुद्रा येतो तीच तिची ओळख, आणि आतून ती ओलसर असते. भांडं उलटं केलं की पापुद्रा फुटतो आणि ओला भाग दबतो. म्हणून ब्राउनी उलटायची नाही, वर उचलायची. लहान बाळाला झोळीत घालून उचलतो ना, तसं. कागद म्हणजे ब्राउनीची झोळी. ती चिकटू नये एवढंच त्याचं काम नाही. सगळी ब्राउनी एकसंध वर यावी, हे त्याचं मोठं काम आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी मापं आपोआप समजतील.

ही वस्तू मुळात अमेरिकेतली. १८९३ साली शिकागो शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष बर्था पामर होत्या. प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या खाऊच्या डब्यात ठेवता येईल असं, केकपेक्षा लहान आणि हातात धरून खाता येईल असं काहीतरी गोड करा, असं त्यांनी पामर हाऊस या आपल्या नवऱ्याच्या हॉटेलातल्या आचाऱ्यांना सांगितलं आणि त्यातून ब्राउनी झाली, अशी गोष्ट सांगतात. आपल्या कामाचा मुद्दा असा की ही डब्यात न्यायची आणि हातात धरून खायची वस्तू आहे. तिच्या कडा सरळ हव्यात आणि तुकडा अख्खा हवा. गिऱ्हाईक आधी तेच बघतं, चव नंतर घेतं.

आपले काही गट नाचणीची किंवा गुळाची ब्राउनी करतात. फार चांगली गोष्ट आहे. पण नाचणीच्या पिठात गव्हाच्या पिठासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे तुकडा लवकर ठिसूळ होतो. गूळ ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे ती जास्त चिकटते. या दोन्ही प्रकारांत कागदाशिवाय भाजण्याचा धोका घेऊच नका.

"बटर पेपर द्या" म्हटलं की काय मिळतं?

खरी मेख इथे आहे. आपल्याकडे दुकानात "बटर पेपर" या एकाच नावाने तीन-चार वेगळे कागद विकले जातात.

पहिला, बेकिंगचा कागद. याला पार्चमेंट पेपरही म्हणतात. यावर सिलिकॉनचा अगदी पातळ थर असतो. साखर आणि तूप त्याला धरत नाहीत आणि ओव्हनची उष्णता तो सहन करतो. आपल्याला हाच हवा.

दुसरा, सँडविच किंवा पराठा गुंडाळायचा पातळ कागद. तेल बाहेर येऊ नये म्हणून तो असतो. गुंडाळायला ठीक आहे, पण भट्टीत घालण्यासाठी तो बनवलेला नाही. त्यावर ब्राउनी भाजली की ती कागदाला चिकटते आणि कागद तुकड्या-तुकड्याने निघतो.

तिसरा, मेणकागद. मेण थोड्याशा उष्णतेनेही वितळतं. ओव्हनमध्ये ते वितळून ब्राउनीत उतरेल आणि धूर होईल तो वेगळाच.

चौथा, स्टेशनरीच्या दुकानातला. मुलं नकाशा गिरवायला नेतात तो. त्यालाही बटर पेपरच म्हणतात! तो खाण्याच्या वस्तूसाठी नाहीच.

आपल्याच भागातल्या एका गटाची गोष्ट सांगते. गटाचं नाव देत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्यांना १०० तुकड्यांची ऑर्डर मिळाली होती. सामानासाठी गटातून ३,००० रुपये अंतर्गत कर्ज काढलं. घाईत कुणीतरी जवळच्या दुकानातून बटर पेपर आणला, तो निघाला गिरवायचा. सात ट्रे भाजले. वास असा सुटला की गल्लीतली पोरं दाराशी जमली. पण काढायला गेल्यावर तळाचा कागद ब्राउनीतच रुतलेला. सुरीने खरवडला तर तळ निघून यायला लागला. शेवटी धड असे ४० तुकडे कसेबसे निघाले. बाकीच्यांची आगाऊ रक्कम परत करावी लागली.

पैशाचं नुकसान झालंच, पण त्याहून वाईट पुढे झालं. त्या दिवशी भाजण्याचं काम गटातल्या सगळ्यात लहान सूनबाईकडे होतं. "तिने जास्त भाजलं", "तिने तूप कमी लावलं", असं बैठकीत दोघी-तिघी बोलल्या. ती पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. तिचं भाजणं अगदी बरोबर होतं. चूक कागदाची होती आणि ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती. उरलेल्या कागदाची घडी हातात घेऊन बघितली तेव्हा उलगडा झाला. अध्यक्षाताई स्वतः तिच्या घरी गेल्या, तिला घेऊन आल्या आणि इतिवृत्तात नुकसानीचं कारण "चुकीचा कागद" असं लिहून घेतलं. सामानाबद्दल आपल्याला नीट माहिती नसली की दोष माणसावर जातो. म्हणून कागदाबद्दल इतकं सांगते आहे.

कागद ओळखायच्या तीन परीक्षा

१. वेष्टन वाचा. बेकिंगच्या कागदाच्या खोक्यावर इंग्रजीत "बेकिंग" किंवा "ओव्हन" हा शब्द आणि त्याच्याजवळ २२० किंवा २३० अंश असा आकडा छापलेला असतो. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. आकडा नसेल आणि दुकानदार नुसतं "चालतंय हो ताई" म्हणत असेल, तर घेऊ नका. सुटा, बिनवेष्टनाचा कागदही नको.

२. नखाने ओरखडा काढा. नखात पांढरट, मेणचट काही आलं तर तो मेणकागद.

३. पाकाचा थेंब टाका. ही परीक्षा आपल्या तायांना सगळ्यात सोपी. चिक्कीला करतो तसा चमचाभर साखरेचा किंवा गुळाचा पक्का पाक करा. कागद ताटात ठेवून त्यावर एक थेंब टाका आणि पूर्ण गार होऊ द्या. बेकिंगच्या कागदावरून तो थेंब टिकलीसारखा सुटून येतो. दुसऱ्या कागदाला तो चिकटून बसतो किंवा कागदाचा पापुद्रा घेऊन निघतो. पाक फार गरम असतो, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

नवीन दुकानातून कागद आणला की या तीन परीक्षा केल्याशिवाय ऑर्डरच्या मालाला तो वापरायचा नाही, असा नियमच करा.

माप: एक दोरा पुरे

प्रत्येकीचं भांडं वेगळं असतं, म्हणून माप पाठ करू नका, घ्यायला शिका. एक दोरा घ्या. भांड्याच्या एका काठापासून तो आत सोडा, भिंतीवरून खाली, तळावरून आडवा आणि समोरच्या भिंतीवरून वर काठापर्यंत आणा. दोऱ्याची जेवढी लांबी भरली त्यात दोन्ही टोकांना एक-एक इंच वाढवा. ही झाली कागदाची लांबी. ब्लाऊज बेतताना शिलाईसाठी आपण जास्तीचं कापड ठेवतो, तसंच हे. हे एक-एक इंच म्हणजे झोळीचे कान. ते धरूनच ब्राउनी उचलायची आहे.

उदाहरण घेऊ. ८ इंची चौकोनी आणि २ इंच उंच भांडं. तळ ८, दोन भिंती २ आणि २, दोन कान १ आणि १. एकूण १४ इंच लांबी. आता रुंदी. बाजारातला रोल बहुतेक वेळा सुमारे १२ इंच रुंद असतो. तळ ८ आणि दोन भिंती २-२ मिळून बरोबर १२ होतात! म्हणजे रोलमधून १४ इंचाचा तुकडा फाडला की दोन बाजूंना कान आणि दोन बाजूंना काठापर्यंत कागद, असा या भांड्याला तो नेमका बसतो.

कापण्याच्या दोन पद्धती

पहिली, पट्टीची पद्धत. कागद ८ इंच रुंद आणि १४ इंच लांब कापायचा. हा तळावर आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर बसतो. उरलेल्या दोन भिंती उघड्या राहतात, त्यांना तूप किंवा लोणी नीट लावायचं. बाहेर काढताना त्या दोन बाजूंनी आधी सुरी फिरवायची. ही पद्धत झटपट होते. शिवाय रोलची ४ इंच रुंद आणि १४ इंच लांब पट्टी उरते. ती फेकू नका. तिचे २-२ इंचाचे १४ चौकोन निघतात. डब्यात तुकडे एकावर एक ठेवताना मध्ये घालायला ते उपयोगी पडतात.

दुसरी, चारही बाजूंची पद्धत. गुळाची, नाचणीची किंवा फार ओलसर ब्राउनी असेल तर हीच वापरा. १२ बाय १४ चा अख्खा कागद घ्या. भांडं त्याच्या बरोबर मध्ये ठेवा आणि तळाच्या चार कोपऱ्यांवर पेन्सिलीने खूण करा. खुणा कागदाच्या खालच्या बाजूला येतील असं बघा. आता कागदाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून त्या खुणेपर्यंत तिरका काप द्या. असे चार काप होतील. कागद भांड्यात बसवला की कापलेल्या दोन कडा कोपऱ्यात एकमेकींवर येतात, साडीच्या निरीसारख्या. चुणी पडत नाही आणि कोपरा काटकोनात बसतो. काप खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर तळाशी फट पडून मिश्रण खाली जाईल.

गोल भांडं असेल तर कागदाचा चौकोन चार पदरी दुमडा, मग टोक धरून त्रिकोणात आणखी दोनदा दुमडा. टोक भांड्याच्या मध्यावर ठेवा आणि जिथे भांड्याची कड येते तिथे कापा. उघडलं की गोल चकती होते. पण नुसती चकती उचलता येत नाही. म्हणून चकतीखाली तीन बोटं रुंदीच्या दोन लांब पट्ट्या अधिक चिन्हासारख्या आडव्या-उभ्या घाला, त्यांची टोकं काठाबाहेर राहू द्या, आणि भिंतींना तूप लावा.

गटात शिवणकाम करणारी ताई असेल तर कापायचं काम तिला द्या. पुठ्ठ्याचा एक फर्मा करून ठेवला की प्रत्येक वेळी मोजायला नको. ऑर्डरच्या आदल्या दिवशी लागतील तेवढे कागद कापून, सपाट डब्यात झाकून ठेवता येतात.

भांड्यात बसवणं

भांडं आणि हात दोन्ही कोरडे हवेत. तळाला आणि भिंतींना तुपाचा अगदी पुसटसा हात लावा. हे तूप ब्राउनीसाठी नाही, कागद भांड्याला धरून राहावा म्हणून आहे. ते लावलं नाही तर मिश्रण ओतताना कागद सरकतो आणि त्याच्या खाली मिश्रण जातं.

रोलचा कागद सारखा वळतो. त्याची वळलेली बाजू खाली करून ठेवा, किंवा कागदाचा हलक्या हाताने बोळा करून परत उघडा. तो मऊ पडतो आणि सांगाल तसा बसतो. मग आधी तळ सपाट करा, नंतर बोटाच्या पेराने तळाच्या कडेची घडी पक्की करा आणि शेवटी भिंती. तळाला सुरकुती राहिली तर ती ब्राउनीच्या खालच्या बाजूला खोल रेघ होऊन उमटते आणि तुकडा तिथेच तुटतो. बेकिंगच्या कागदाला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी सारखाच थर असतो. एकाच बाजूला असेल तर वेष्टनावर लिहिलेलं असतं, ती बाजू वर ठेवायची.

मिश्रण ओतताना कान आत पडत असतील तर कपड्यांचे चिमटे लावा. भांडं आत ठेवण्याआधी मात्र ते आठवणीने काढा, प्लास्टिक वितळतं. मिश्रण मध्यभागी ओतून चमच्याच्या पाठीने कोपऱ्यांकडे सारा. कोपऱ्यातच थेट ओतलं तर कागद मागे ओढला जातो.

भाजताना जपायच्या गोष्टी

ओटीजीमध्ये भांडं मधल्या खणात ठेवा. कान एक इंचापेक्षा जास्त लांब ठेवू नका आणि वरच्या किंवा बाजूच्या तापणाऱ्या दांडीला कागद टेकत नाही ना, हे वाकून बघा. दांडीला टेकलेला कागद करपतो, कधी पेटही घेऊ शकतो. ओव्हन आधी तापवताना रिकामा कागद आत ठेवू नका. वेष्टनावर जे अंश लिहिलेत त्यापुढे जायचं नाही. ब्राउनीला तेवढी उष्णता लागतही नाही.

कढईत किंवा कुकरमध्ये मीठ घालून भाजणाऱ्यांनी आणखी काळजी घ्या. तिथे किती अंश झाले ते कळत नाही. भांडं थेट मिठावर ठेवू नका, खाली स्टँड हवा. कागदाचे कान कढईच्या भिंतीला लागता कामा नयेत, ते भांड्याच्या काठावरून बाहेर वळवून दाबून ठेवा. कुकर असेल तर शिट्टी आणि झाकणाचं रबर काढून ठेवायचं. गॅस मंद ठेवा. चुलीवर कढई ठेवून भाजत असाल तर ज्वाळ बाजूने वर येणार नाही हे बघा.

उचलणं आणि कापणं

इथे सगळ्यात जास्त घाई होते. ब्राउनी गरम असताना आतली साखर आणि चॉकलेट पातळ असतं. तेव्हा उचलली तर झोळीतच ती मधून वाकते आणि तडा जातो. भांड्यातच पूर्ण गार होऊ द्या, किमान एक-दीड तास. उन्हाळ्यात फ्रीज असेल तर गार झाल्यावर अर्धा तास त्यात ठेवा, कडा आणखी सुबक येतात. म्हणजे दुपारी चारला माल द्यायचा असेल तर ब्राउनी बाराच्या आत भाजून बाहेर यायला हवी. वेळेचा हिशेब असा उलटा लावा.

पट्टीची पद्धत असेल तर उघड्या दोन बाजूंनी सुरी फिरवा. मग दोन्ही हातांनी दोन कान धरून सरळ वर उचला. एका हाताने उचलू नका. पाटावर किंवा कापायच्या फळीवर ठेवा, बाजूचा कागद खाली उलगडा. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. सुरी दाबून खाली न्यायची, करवतीसारखी मागेपुढे करायची नाही. ८ इंची ट्रेचे चार उभे आणि चार आडवे भाग केले की २ इंचाचे १६ सारखे तुकडे होतात.

प्रत्येक तुकड्याखालचा कागद काढूनच पॅक करा. तळाला कागदाचा कपटा राहिला आणि तो लहान मुलाच्या तोंडात गेला, तर पुढची ऑर्डर विसरा. ब्राउनी भाजलेला कागद परत वापरायचा नाही. त्यात तूप मुरलेलं असतं, ते खवट होतं आणि तो वास पुढच्या मालाला लागतो. नानकटाईसारख्या कोरड्या मालाचा कागद मात्र त्याच दिवशी पुढच्या घाण्याला चालतो, करपला नसेल तर.

वर्तमानपत्र मुळीच नको

काही ठिकाणी अजून भांड्यात वर्तमानपत्र घालून त्याला तूप लावतात. आपल्या आजी-मावशींनी तसं केलंही असेल. पण छपाईच्या शाईत शिसं आणि इतर जड धातू असू शकतात आणि गरम, तुपकट पदार्थात शाई लवकर उतरते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्न गुंडाळायला किंवा ठेवायला वर्तमानपत्र वापरायला बंदी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाने विक्रेत्यांना आणि ग्राहकांना हे पुन्हा बजावलं. आपण आपल्या मुलांना जे खाऊ घालणार नाही ते गिऱ्हाइकाच्या मुलांनाही नको. वह्यांची पानं, जुनी कॅलेंडरं, छापील पिशव्या यांनाही हेच लागू.

ॲल्युमिनियम फॉइल? अडचणीला चालते, पण तिला तूप लावावंच लागतं, ती पटकन फाटते आणि फाटलेला तुकडा ब्राउनीत अडकला तर दिसत नाही. रोजच्या विक्रीसाठी कागदच बरा.

हिशेब मांडून बघू

"कागदाचा खर्च कशाला वाढवायचा?" असा प्रश्न बैठकीत येणारच. तेव्हा फळ्यावर हे मांडा. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या गावचा भाव घालून परत करा.

समजा एका ट्रेच्या सामानाला २२० रुपये लागले. १६ तुकडे, प्रत्येकी २५ रुपये, म्हणजे विक्री ४००. उरले १८०. यातून गॅस, वीज आणि मजुरी निघायची.

आता कागद नाही आणि चार कोपरे व कडेचे दोन असे सहा तुकडे मोडले. सहा गुणिले २५ म्हणजे १५० रुपये गेले. १८० मधले उरले फक्त ३०. दिवसभराची मेहनत त्यात गेली.

आता कागदाचा खर्च. समजा १० मीटरचा रोल १५० रुपयांना मिळाला. १४ इंच म्हणजे साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर. एका रोलमधून २८ तुकडे निघतात. म्हणजे एका ट्रेला साडेपाच रुपयांच्या आत कागद. एका तुकड्यामागे पस्तीस पैसेही नाहीत. एक तुकडा जरी मोडण्यापासून वाचला तरी चार ट्रेच्या कागदाचे पैसे सुटतात.

म्हणून कागद "किरकोळ" मध्ये टाकू नका. मैदा, साखर, लोणी लिहिता त्याच यादीत कागदाची वेगळी ओळ ठेवा आणि भाव ठरवताना ती धरा. मोडलेल्या तुकड्यांचीही नोंद ठेवा. किती मोडले आणि कशामुळे, हे दोन रकाने पुरेत. नाव लिहायचा रकाना नको. दोन महिन्यांनी वही उघडली की चूक कागदाची, घाईची की भट्टीची, ते स्पष्ट दिसेल.

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

१. गटात आत्ता जो "बटर पेपर" आहे त्याच्या तिन्ही परीक्षा करा. नापास झाला तर भाजण्यासाठी बाजूला काढा.

२. प्रत्येक भांड्याचं दोऱ्याने माप घेऊन पुठ्ठ्याचा फर्मा करा आणि त्यावर भांड्याचं माप लिहून ठेवा.

३. एक ट्रे पट्टीच्या पद्धतीने आणि एक चारही बाजूंच्या पद्धतीने भाजा. दोन्हींचे अख्खे तुकडे मोजा आणि तुमच्या कृतीला कोणती पद्धत बरी पडते ते सगळ्यांनी मिळून ठरवा.

४. कापणं, बसवणं आणि उचलणं ही तिन्ही कामं प्रत्येकीने एकदा तरी स्वतःच्या हाताने करा. एकीलाच येत असेल तर ती माहेरी गेली की ऑर्डर अडते.

५. ग्रामसंघात तीन-चार गट बेकरी करत असतील तर रोल एकत्र मागवायचा का, यावर चर्चा करा. एकदा पारखलेला कागद सगळ्यांना मिळेल आणि भावही बरा पडेल.

तुमचे मोजलेले आकडे प्रभागसंघाच्या बैठकीला येताना सोबत आणा. फर्मा करताना कुठे अडलं तर निरोप द्या, मी गटभेटीला येईन तेव्हा कात्री आणि दोरा घेऊनच बसू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक